उपाशी लाकूड

उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि मी तसाच उभा राहिलो. एक पाय होडीच्या जमिनीवर, दुसरा जमिनीच्या खाली, हातात झाडू. झाडायलाच चढलो होतो मी. नऊ वर्षं ही होडी नईमच्या बंदरात दोन ओंडक्यांवर पडून होती. तिच्यात धूळ होती, कुणीतरी फेकलेले सरबताचे डबे होते, एका मांजरीचं बाळंतपणही मध्ये कधीतरी होऊन गेलं होतं. वरचा निळा रंग मात्र शाबूत, त्यामुळे खाली काय चाललंय त्याचा पत्ताच नव्हता. नडगीचं सालटं निघालं होतं, पण दुखण्याच्या आधी मला कळला तो गारवा. खाली पाणी होतं. आमच्या बहारीनमध्ये पाऊस पडतो तो किती, वर्षातून चार दिवस. तरी तेवढं साठून राहिलं होतं. मी पायाची बोटं त्या पाण्यात हलवून बघितली, का कोण जाणे. पलीकडे महामार्गावरून गाड्या मनामातल्या काचेच्या इमारतींकडे चालल्या होत्या. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, मुलांच्या हायस्कूलात रसायनशास्त्र शिकवणारा, भर सकाळी होडीत असा रुतलेला कुणी बघितला तर काय म्हणेल, हा विचार मनात येतो न येतो तोच बघितलंच कुणीतरी. "मास्तर!" अबू तौफीक ओरडला. म्हातारा धक्क्यावर बसून तारेचा पिंजरा दुरुस्त करत होता. "काय झालं रे? अकीलच्या हार्डनरने परत दगा दिला वाटतं!" आणि स्वतःच्याच विनोदावर तो खोकला येईपर्यंत हसला.

बावीस वर्षं झाली या विनोदाला. हार्डनर म्हणजे फायबरग्लासच्या होडीतलं रेझिन, ती पातळ राळ, आळावी म्हणून त्यात घालतात ते औषध. शंभराला एक, दीड, फार तर दोन भाग. कमी पडलं तर रेझिन चिकट राहतं, जास्त झालं तर तापून तडकतं. आमच्या बंदरात जे म्हणून टिकत नाही ते सगळं अकीलच्या हार्डनरने चिकटवलेलं असतं. कुणाची सोयरीक मोडली, की अकीलचा हार्डनर. नईमचा फुटबॉल संघ उपांत्य फेरीत फुटला, अकीलचा हार्डनर. एकदा तर अबू तौफीकची कवळी मशिदीच्या ओट्यावर पडली तेव्हा त्याने ती उचलून बोळक्या तोंडाने तेच म्हटलं होतं. मी पण हसतो. न हसून सांगतो कुणाला? माझ्या प्रयोगशाळेत मी मुलांना थेंब मोजायला लावतो, आणि एखाद्याचा एक थेंब जास्त पडला तर मला असा राग येतो की मुलं घाबरतात. मुख्याध्यापकांनी दोनदा बोलावून सांगितलंय, उस्ताद अकील, जरा दमाने. त्या मुलांना काय माहीत, त्यांच्या मास्तरच्या पोटात कुठला थेंब अडकून बसलाय ते.

होडीच्या जमिनीकडे बघून ठेव असं यबा जाताना सांगून गेले होते. यबा म्हणजे माझे वडील, उस्ताद मीरझा, वय ब्याऐंशी. लाकडी गलबतं बांधणाऱ्याला आमच्याकडे गल्लाफ म्हणतात, आणि नईममध्ये शेवटचे गल्लाफ ते. पाच दिवसांपूर्वी ते कर्बलाला गेले. जियारतीला, म्हणजे तिथल्या दर्ग्याच्या यात्रेला, निघणारा माणूस आधी घरोघर जातो आणि म्हणतो, कळत-नकळत काही झालं असेल, माझी मान मोकळी कर. समोरच्याने, कशाबद्दल, असं विचारायचं नसतं. 'मोकळी आहे' म्हणायचं, गळाभेट घ्यायची, दुआ करायला सांगायचं. यबांनी सगळी गल्ली केली, खबूस रोटीवाला इराणी केला, ज्याच्याशी तीस वर्षं बोलत नव्हते तो करवतवाला केला. घरचे शेवटी. मी तेव्हा दारात उभा राहून सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पिशवीत कोंबत होतो, त्यांची बस सुटायची वेळ झाली होती. "अकील, माझी मान मोकळी कर," ते म्हणाले. "मोकळी, यबा, मोकळी." त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. परत म्हणाले. मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी हसलो, म्हटलं, अहो यबा, कितींदा मोकळी करू, बस निघून जाईल. तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला. मग जाता जाता, अगदी सहज, "मी आलो की एकदा फश्तवर जाऊ. होडीची जमीन तेवढी बघून ठेव." फश्त म्हणजे समुद्रातलं उथळ प्रवाळाचं पठार, ओहोटीला पाणी कमरेइतकंच असतं तिथे. आम्ही दोघं तिथे शेवटचे गेलो ते मी कॉलेजात असताना. मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी बॅगांवर खेकसलो.

पाय काढला, नडगी धुतली, घरी जाऊन ग्राइंडर आणला. सहामाहीची सुट्टी होती, हवा थंड होती, या कामाला याहून चांगले दिवस मिळणार नाहीत हे मला माहीत होतं. होडीची जमीन काढताना कडेने दोन बोटं पट्टी ठेवून आतून कापायचं असतं, म्हणजे नवीन जमीन त्या पट्टीवर बसते आणि बाहेरच्या तळाला धक्का लागत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणजे यबांनी नाही. यबांना काच, म्हणजे फायबरग्लास, कधी आवडलीच नाही. 'हे भांडं आहे,' असं म्हणायचे, 'होडी नाही. भांडं समुद्रात सोडतात लोक, आणि वर मासे मागतात.' पण शहाण्णव साली त्यांनी शेवटचं लाकडी जहाज बांधलं आणि नंतर एकही गिऱ्हाईक आलं नाही. पाच वर्षं ते नुसते बंदरावर येऊन बसत. मग एक दिवस त्यांनी कुणाकडून तरी ही होडी घेतली, काचेचीच, नुसता तळ, आत जमीन नसलेली. म्हणाले, मी घालीन जमीन. अख्खा नईम बघायला यायचा, उस्ताद मीरझा काचेचं काम करतोय म्हणून. मी सत्तावीस वर्षांचा, पदवी हातात, नोकरीच्या पत्राची वाट बघत घरी बसलेला. काचेतलं त्यांना कळत नव्हतं आणि मला पुस्तकातून कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी विचारलं. "हे औषध किती घालायचं?" मी म्हटलं, जुलै आहे, एक टक्का पुरे. दवाखान्यातून सुई नसलेली पिचकारी आणून मोजायचो मी, आणि ते शेजारी उकिडवे बसून बघायचे. "होडीला इंजेक्शन देतोयस की काय रे?" असं म्हणून हसायचे. दुपारी यम्मा, माझी आई, डबा पाठवायची, भात आणि तळलेला साफी मासा, आणि आम्ही एकाच ताटात जेवायचो. काट्यांतून सोडवलेला तुकडा ते माझ्या बाजूला सरकवायचे, न बघता. मला आजही तो तुकडा दिसतो. सारे तीन-चार दिवसच होते ते, पण मला वाटलं होतं, आता हे असंच चालणार, आता मी त्यांचा झालो.

होडी पाण्यात सोडल्यावर तिसऱ्या आठवड्यात फश्तच्या पलीकडे जमीन सुटली. वरचा काचेचा थर प्लायवूडच्या फळ्यांपासून उचलला गेला, पाणी आत शिरलं, इंजिन बुडालं, आणि यबा नि अबू तौफीकला दुसऱ्याच्या होडीला दोर बांधून ओढून आणावं लागलं. उस्ताद मीरझाची होडी, दोराने! धक्का माणसांनी भरला होता. यबा उतरले, त्यांचे कपडे कमरेपर्यंत भिजलेले. कुणीतरी म्हणालं, "पोराच्या हातून हार्डनर कमी पडलं असेल." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. यबांनीही बघितलं. आणि म्हणाले, "पोरगं आहे. शिकेल." मला वाटलं जमीन दुभंगावी. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. पण ते इतक्या मायेने म्हणाले. महिन्याभरात शाळेचं पत्र आलं आणि मी बंदरावर जाणं बंद केलं. जमिनीला वरून स्क्रू मारून, रबरी पट्ट्या लावून त्यांनी ती होडी पुढे कितीतरी वर्षं एकट्याने वापरली, गुडघे गेले तेव्हा ओंडक्यांवर चढवली. आम्ही भांडलो नाही कधी. बोलणं व्हायचं, औषधांचं, विजेचं, मुलांच्या परीक्षांचं. पण त्या ताटातला माझ्या बाजूला सरकवलेला तुकडा परत कधी आला नाही, आणि माझा मी जाऊन मागावा असं तोंड मला नव्हतं.

मागचा भाग कापून उचलला तेव्हा प्लायवूड पुस्तकाच्या ओल्या पानांसारखं सुटं झालं होतं. तिथे इंजिनाखाली पाणी साठायचं, कुजणारच. मी पुढे सरकलो, मधला भाग कापला. इथलं लाकूड कोरडं होतं, पण वरची काच एका झटक्यात निघाली. पत्र्याच्या डब्याचं झाकण निघावं तशी, अख्खी, खाली लाकडाचा एक तंतूही न धरता. असं होत नाही. हार्डनर कमी पडलं तर रेझिन चिकट राहतं, बुळबुळीत राहतं, पण राहतं लाकडातच, कारण लाकूड ते पितं. ही काच कडक होती, टणक, नखाने वाजवली तर वाजत होती. पूर्ण आळलेली. मी ती उलटी केली. खालची बाजू तपकिरी, गुळगुळीत. मी चष्मा कपाळावर सारला आणि नाक जवळ नेलं.

मुशीच्या काळजाचं तेल. बावीस वर्षं काचेखाली कोंडलेला वास, उग्र, थोडा गोडसर, आणि त्या वासाबरोबर माझं सगळं लहानपण: वाळूवर उभं जहाज, त्याच्या पोटाखाली पेटवलेली चूल, तेलाचं मडकं, यबांच्या हातातला चिंध्यांचा बोळा. कुठल्याही जहाजाची नवी फळी ते तेल पाजल्याशिवाय पाण्यात जाऊ द्यायचे नाहीत. 'उपाशी लाकूड समुद्रात न्यायचं नाही,' असं म्हणायचे, 'ते मग समुद्रच पितं.' त्यांच्या बापाने तसंच केलं, आजोबांनी तसंच. आणि आठवलं. काच चढवायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला घरी पाठवलं होतं. 'तू हो पुढे, जेवून घे, मी आवरून येतो.' उशिरा आले. हाताला तेलाचा वास होता, पण त्यांच्या हाताला तो नेहमीच असायचा, आम्हाला त्याचं काय! मी गेल्यावर त्यांनी त्या बिचाऱ्या प्लायवूडला पोटभर तेल पाजलं होतं. तेलावर रेझिन धरत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलालाही विचारा.

मला हसू आलं, खरंच आलं. चूक अशी होती की तिच्यावर रागावता येईना. एवढंच असतं तर मी ती काच घरी नेली असती, यबा आले की त्यांच्या पुढ्यात ठेवली असती, म्हटलं असतं, हे बघा, होडीला इंजेक्शन मी दिलं आणि मालिश तुम्ही केली. आम्ही दोघं हसलो असतो. पण मी पुढची जमीन कापली. पुढच्या बाकाखाली, जिथे कुणाचा हात जात नाही तिथे, काच सगळीकडून उचलली आणि एका जागी अडली. छिन्नी घातली, हातोडी मारली, हलेना. आजूबाजूची काच तोडून काढली तेव्हा तळहाताएवढा एक चौकोन राहिला. त्याच्या कडेने लाल पेन्सिलची रेघ, सुताराच्या जाड पेन्सिलची. आतलं लाकूड पांढरं, पॉलिश कागदाने घासून तेल काढलेलं. त्यावरची काच करड्या रंगाची, माझ्या निळ्या कामातली नव्हे, नंतरची. यबांना लिहिता-वाचता येत नाही, शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही. पण त्यांनी माझ्यासारखाच प्रयोग मांडला होता. एवढाच तुकडा स्वच्छ करायचा, बाकीचं तसंच ठेवायचं, आणि बघायचं, कुठे धरतं. त्यांना उत्तर मिळालं होतं. आणि उत्तर मिळाल्यावर त्यांनी बाक परत बसवला, स्क्रू पिळले, आणि बावीस वर्षं अबू तौफीकच्या विनोदावर माझ्याकडे बघून हसत राहिले.

बतूल, माझी बायको, आरोग्यकेंद्रात परिचारिका आहे. रडणाऱ्या माणसांची तिला सवय आहे. मी स्वयंपाकघरात उभा राहून तिला सगळं सांगितलं, ओरडून सांगितलं. ती मुहम्मरचा, गोड भाताचा, खजुराचा पाक ढवळत होती. "मग? मान मोकळी केलीस ना त्यांची?" ती म्हणाली.

"मला माहीत होतं का कशाबद्दल ते!"

"माहीत असतं तर केली असतीस?"

"केली असती! सांगून मागितली असती तर... बतूल, तीनदा मागितली त्यांनी. तीनदा. आणि मी उत्तरपत्रिका कोंबत होतो."

"त्यांनी मागितली, तू दिलीस. दिलेलं परत घ्यायला तू काय भाजीवाला आहेस?" मग तिने चूल बारीक केली, माझ्याकडे नीट बघितलं. "तुला माफी परत नकोय अकील. तुला ते हवेत." मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. पण जेवण मला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी यबांचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. मागे दर्ग्याचं अंगण, गर्दी, कुणाच्या तरी खांद्यावरचं बाळ. मग त्यांनी फोन कानाला लावला, त्यामुळे मला नुसता त्यांचा कान दिसत होता, मोठा, केसाळ. "जमीन कशी आहे?" "कुजली होती. कापून काढली." "मागची?" "मागचीही." कान थोडा हलला. "आणि पुढची?" मी म्हटलं, "पुढचीपण काढली, यबा. बाकाखालची पण." मग बराच वेळ नुसती गर्दी ऐकू येत राहिली, हजारो माणसं एकदम बोलत असल्याचा आवाज. मी मनात म्हणत होतो, बोला. आता बोला ना. इथे कोण ऐकतंय, तिथे तर कुणी आपल्याला ओळखतही नाही. "बरं," यबा म्हणाले. "तुझ्यासाठी दुआ केलीय मी." आणि फोन बंद झाला.

मी कामाला लागलो. राग होता म्हणून काम नीट झालं, असं म्हणायला हरकत नाही. जमिनीखालचा भिजलेला फोम खरवडून काढला, तळ ॲसिटोनने तीनदा पुसला, लांबीच्या तुळया नव्या बसवल्या आणि त्यांना खालून पाणी वाहायला भोकं ठेवली, म्हणजे आत आलेलं पाणी मागे जाऊन बाहेर पडेल. नव्या प्लायवूडला दोन्ही बाजूंनी रेझिन पाजलं. रोलर फिरवताना लाकूड गडद होत जातं, पितं ते, खरोखर पितं, आणि मला यबांचं म्हणणं आठवलं. म्हातारा चुकला होता तो फक्त काय पाजायचं यात. तुकडे तुळयांवर बसवले, कडेची फट रेझिनच्या लगद्याने भरून बोटाने गोल केली, वर काचेची चटई, परत रेझिन, हवेचा एकेक बुडबुडा रोलरने दाबून बाहेर. जानेवारी, म्हणून दीड टक्का. पिचकारीने. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी हे करत होतो.

ते करत असताना अबू तौफीक चहाचे दोन पेले घेऊन आला. कापून काढलेला सगळा माल धक्क्याला ढीग करून ठेवला होता आणि सगळ्यात वर तो चौकोनाचा तुकडा होता, लाल रेघेसकट. मी तो मुद्दाम वर ठेवला होता. चार दिवस मी बोलायची वाक्यं जुळवत होतो. हाजी, जरा हे बघा, वास घ्या. म्हातारा पन्नास वर्षं समुद्रावर आहे, त्याला एक शब्द सांगावा लागला नसता. दुपारच्या नमाजापर्यंत सगळ्या नईमला कळलं असतं. अबू तौफीक ढिगाशेजारी टेकला. "तुझ्या बापाने त्रेपन्न जहाजं बांधली," तो म्हणाला. "मी मोजलीत. काही बसऱ्यापर्यंत जायची. एकाने कधी थेंब पाणी घेतलं नाही. आता ती जहाजं कुठायत? जाळली, कुजली, दोन हॉटेलांच्या दारात उभी केलीत, त्यात झाडं लावलीत. राहिलं काय? लोक म्हणतात तेवढंच. मीरझाच्या हातचं कधी सुटलं नाही." मग त्याने मला कोपराने ढोसलं. "एक सोडून. पण ते तुझं!" आणि खो खो हसला. माझा हात ढिगाकडे गेला. गेला, आणि मी तो तुकडा पालथा घातला. तिसऱ्या प्रहरी नगरपालिकेची गाडी आली, तिच्यात सगळा ढीग टाकला. का केलं ते मला विचारू नका. मला चीड आली होती, माझीच.

यबा आले. दोन दिवस घर माणसांनी भरलं होतं, जियारत कबूल, जियारत कबूल, नजफची दहीन मिठाई वाटून वाटून बतूलचे हात चिकट झाले. आम्हाला दोघांना एकत्र एक मिनिट मिळालं नाही, किंवा आम्ही मिळू दिलं नाही. ते बारीक झाले होते. लोक त्यांचं कपाळ चुंबत होते आणि ते माणसांच्या डोक्यांवरून मला शोधत होते. दिसलो की नजर खाली घालत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, चल, बघू. बंदरावर अबू तौफीक होताच, अजून तीन-चार म्हातारे होते. मी यबांना काखेत धरून होडीत चढवलं. त्यांनी वहाणा काढल्या. नव्या जमिनीवर अनवाणी उभे राहिले, मग वाकले, बोटांच्या पेरांनी ठोकत ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. जिथे काच धरलेली नसते तिथे पोकळ वाजतं. कुठेही वाजलं नाही. पुढच्या बाकापाशी ते जास्त वेळ थांबले.

"मास्तर," अबू तौफीक खालून म्हणाला, "हार्डनर घातलंस ना यंदा?" सगळे हसले. यबा उभे राहिले. बाकाला धरून, हळूहळू, आणि होडीच्या काठावर दोन्ही हात टेकून त्या सगळ्यांकडे वळले. "अबू तौफीक," ते म्हणाले, "तेव्हा ती जमीन..." त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. त्यांचा जबडा हलत होता. मला कळलं, कर्बलाच्या त्या अंगणातून ते हेच वाक्य घेऊन आले आहेत, तीन दिवस ते तोंडात धरून फिरतायत. बावीस वर्षं मी ज्याच्यासाठी झुरलो ते माझ्यापासून चार शब्दांवर होतं. आणि मी त्या म्हाताऱ्यांचे चेहरे बघितले. ते हसायला तयार होते. त्रेपन्न जहाजं, आणि आता ब्याऐंशीव्या वर्षी हे हसणार. "कमीच पडलं होतं," मी म्हटलं. मोठ्याने. "हार्डनर. माझंच चुकलं होतं, हाजी. पण आता शिकलोय." धक्का हसण्याने दणाणला. "बावीस वर्षांनी कबूल केलं पठ्ठ्याने!" अबू तौफीक ओरडला. यबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता, आणि मग सुटका आली, इतकी उघडी की मला बघवेना. "मी तेव्हाच म्हटलं होतं," ते लोकांना म्हणाले, "पोरगं शिकेल."

म्हातारे चहाला गेले. यबा नव्या जमिनीवर बसून राहिले, पाय पसरून, मी समोर. ऊन चढत होतं. ते तळहात जमिनीवरून फिरवत होते, पुढे मागे, पुढे मागे.

"किती घातलंस यंदा?"

"दीड टक्का."

"आणि तेव्हा?"

"एक. उन्हाळा होता म्हणून."

हात थांबला. "बरोबर होतं," यबा म्हणाले. जमिनीकडे बघत. मग परत, जरा मोठ्याने, म्हणजे मला नीट ऐकू यावं म्हणून: "तुझं बरोबर होतं, अकील."

मी मान हलवली. मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी रडेन, किंवा त्यांच्या गळ्यात पडेन, किंवा निदान काहीतरी आत सैल होईल. मला माझा चष्मा पुसावासा वाटला, तो पुसला. "चल, उतरव मला," ते म्हणाले, "भरतीची वेळ बघून ठेव, गुरुवारी जाऊ." मी त्यांना काखेत धरून खाली घेतलं, वहाणा पायात सरकवल्या. ते अबू तौफीककडे चालू लागले, तुरुतुरु, हलके झालेले. सत्तावीस वर्षांचा तो पोरगा, तेव्हाचा मी, मात्र अजून त्याच धक्क्यावर उभा होता, सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याच्यापर्यंत जाऊन हे सांगायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मला रस्ता माहीत नव्हता.